साच्यांची निगा : भद्रावतीच्या चिनीमातीपासून रेझिनकामापर्यंत

चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरवर भद्रावती हे प्राचीन नगर लागते. विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि भद्रनागाचे देवस्थान यांमुळे भाविकांची व अभ्यासकांची येथे सतत ये-जा असते. या नगराची आणखी एक ओळख आहे आणि ती मातीशी निगडित आहे. वरोरा-भद्रावती परिसरात कोळशाच्या थरांसोबत भट्टीचा ताप सहन करणारी माती सापडते. ग्रामोद्योगाच्या विचाराने प्रेरित झालेले कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५० च्या दशकात येथे ग्रामोदय संघाचे काम उभे केले. खेड्यातील कुंभाराला केवळ मडकी आणि कवेलू यांवर न थांबता झिलईची, चिनीमातीची व अधिक टिकाऊ भांडी करता यावीत, सुधारलेली भट्टी वापरता यावी, हा त्या कामामागील हेतू होता. कुंभारकामाच्या प्रशिक्षणाचे एक केंद्र म्हणून भद्रावतीचे नाव पुढे विदर्भाबाहेरही पोहोचले.

मातीकामाची कार्यशाळा पाहावयास आलेला पाहुणा प्रथम चाकाजवळ थांबतो, मग भट्टीजवळ. मांडणीवर ओळीने ठेवलेल्या पांढऱ्या, बेढब ठोकळ्यांकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. हे ठोकळे म्हणजे साचे. चाकावर वर्तुळाकार भांडेच घडते. कपाचा कान, किटलीची तोटी, चौकोनी तबक, मूर्तीचा चेहरा यांसाठी साचाच लागतो. शिवाय एकाच मापाच्या पाचशे वस्तूंची मागणी आली, तर ती साच्यावाचून वेळेत पुरी होत नाही. चाक बिघडले तर सुताराकडून वा कारागिराकडून दुरुस्त करून घेता येते. बिघडलेला साचा मात्र दुरुस्त होत नाही, तो नव्यानेच करावा लागतो. असे असूनही साच्याच्या निगेविषयी बोलणे-लिहिणे फार थोडे झाले आहे.

मोडण्यासाठीच केलेला साचा

या वनप्रदेशाला साच्याची ओळख आधुनिक काळातच झाली असे नाही. गडचिरोली जिल्ह्याला लागून, इंद्रावतीच्या पलीकडे पसरलेल्या बस्तरमधील घडवा कारागीर मेणाच्या साहाय्याने पितळेच्या मूर्ती, दिवे, घंटा व देवदेवता ओततात. भाताचा कोंडा किंवा शेण मिसळलेल्या मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून नक्षी उठवावयाची, मग वारुळाच्या किंवा नदीकाठच्या मऊ मातीचे थर चढवावयाचे, अशी ही रीत आहे. मातीचा हा गोळा तापविला म्हणजे मेण वितळून निघून जाते आणि त्याने मोकळ्या केलेल्या पोकळीत वितळलेला धातू शिरतो. वस्तू बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. म्हणून या कलेत कोणत्याही दोन वस्तू तंतोतंत सारख्या नसतात. मोहेंजोदडो येथे सापडलेली नर्तिकेची प्रसिद्ध कांस्यमूर्ती याच पद्धतीची आहे, यावरून या रीतीचे प्राचीनत्व ध्यानी येईल.

अशा साच्याला निगा लागते ती एकदाच, म्हणजे ओतण्यापूर्वी. तो पुरता सुकलेला नसेल तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन तापलेला धातू उसळतो आणि कारागिराच्या अंगावर येतो. साचा सुकविण्याच्या बाबतीत घाई नको, हा धडा या भागातील जुन्या कारागिरीत फार पूर्वीपासून गिरविला गेला आहे. प्लॅस्टरच्या साच्याला तो निराळ्या कारणाने लागू पडतो.

प्लॅस्टरचा साचा पाणी पितो

चिनीमातीची भांडी ज्या साच्यात होतात तो प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा असतो. जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे १२० ते १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्यातील बद्ध पाण्याचा मोठा भाग उडून जातो व पांढरी भुकटी उरते. हेच प्लॅस्टर. त्यात पुन्हा पाणी घातले की ते पाणी शोषून भुकटी परत जिप्सम होते. तिचे सुईसारखे असंख्य स्फटिक एकमेकांत गुंततात, मिश्रण किंचित गरम होते आणि वीस-तीस मिनिटांत घट्ट बसते. स्फटिकांच्या जाळ्यात न गुंतलेले जास्तीचे पाणी पुढे वाळून जाते व त्याच्या जागी अतिसूक्ष्म छिद्रे राहतात. साच्याचे सारे सामर्थ्य या छिद्रांत आहे. मातीचा पातळ घोळ साच्यात ओतला की छिद्रे त्यातील पाणी ओढून घेतात, आतल्या बाजूस मातीची साय धरते आणि पंधरा-वीस मिनिटांत भिंत पुरेशी जाड झाली की उरलेला घोळ ओतून काढतात. तासा-दोन तासांत भांडे आकसून साच्यापासून आपोआप सुटते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, साच्याचे आयुष्य तो तयार होत असतानाच ठरते. प्लॅस्टर शंभर भाग व पाणी सत्तर भाग, दोन्ही वजनाने, हे घोळकामाच्या साच्यांसाठी रुळलेले प्रमाण आहे. पाणी वाढविले तर साचा अधिक शोषक परंतु ठिसूळ होतो. ते कमी केले तर साचा दणकट होतो, पण पाणी पिईनासा होतो. अंदाजाने मूठमूठ प्लॅस्टर टाकणाऱ्या कारागिराचे दोन साचे कधी सारखे वागत नाहीत, आणि मग एकाच घोळातून एक कप जाड, दुसरा पातळ निघतो. तराजू ही येथे चैनीची वस्तू नव्हे. भुकटी पाण्यात सोडावी, पाणी भुकटीवर ओतू नये. दोन मिनिटे ती मुरू द्यावी आणि मग बुडबुडे न धरता ढवळावी, कारण बुडबुड्याने पडलेली पोकळी साच्याच्या चेहऱ्यावर आली तर प्रत्येक वस्तूवर तेथे गाठ उठते.

दुसरी गोष्ट अशी की, साबण, तेल वा मेण यांचा स्पर्श साच्याच्या आतल्या बाजूला होता कामा नये. मूळ नमुन्यावरून साचा काढताना नमुन्यास मऊ साबणाचा हात देतात, तो प्लॅस्टर चिकटू नये म्हणून. तोच साबण आत राहिला तर छिद्रे बुजतात आणि तेवढ्या जागी माती सुटत नाही. नव्या साच्यातून निघालेली पहिली दोन-तीन भांडी म्हणूनच बाजूला टाकावयाची असतात. त्यांच्याबरोबर साबणाचा अंश निघून जातो.

लोणा कोठे यावा?

जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, तसाच तो साच्यालाही लागतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण कारण कळले की उपाय फुकटात होतो.

घोळ पातळ राहावा, पण त्यात पाणी फार असू नये, म्हणून त्यात थोडे सोडियम सिलिकेट व धुण्याचा सोडा घालतात. हे क्षार घोळाच्या पाण्याबरोबर साच्यात शिरतात. तेथे जिप्समशी त्यांची क्रिया होऊन सोडियम सल्फेट नावाचे विद्राव्य मीठ तयार होते. पाणी जिकडून वाळते तिकडे हे मीठ ओढले जाते व पृष्ठावर पांढऱ्या लवेसारखे उगवते. उगवताना ते प्लॅस्टरचे कण उचलून धरते आणि पृष्ठ भुसभुशीत होते.

आता साचा उघडून, त्याची आतली बाजू वाऱ्याला ठेवून वाळविला तर पाणी आतून वाळेल आणि लोणाही आतच, म्हणजे जेथे नक्षी आहे तेथेच येईल. याउलट, साच्याचे दोन्ही भाग पुन्हा एकमेकांस जुळवून, बांधून वाळविले तर पाण्याला बाहेरच्या बाजूनेच जावे लागते आणि लोणा बाहेर येतो. बाहेरच्या अंगाला तो आला तरी बिघडत नाही. साचा कोरडा असताना मऊ कुंच्याने झटकला की काम झाले. ओल्या फडक्याने पुसला तर मीठ विरघळून पुन्हा आत जाते. साचा जुळवून वाळविण्याचा आणखी एक लाभ आहे. सुटे भाग वेगवेगळे वाळले तर किंचित वाकतात आणि पुढे त्यांच्या जोडाला फट पडते. बांधण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम, त्या सैल पडत नाहीत आणि कडा कापत नाहीत.

पाण्याचा प्रश्नही येथेच निघतो. चंद्रपूर जिल्ह्यात अनेक ठिकाणी विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड आहे. जड पाण्यातील क्षारांमुळे घोळ दाटतो, मग कारागीर सोडा वाढवितो आणि वाढलेला सोडा साचा खातो. छपरावरून साठविलेले पावसाचे पाणी घोळासाठी राखून ठेवणे हा यावरील साधा मार्ग आहे. ज्या ग्रामपंचायतींनी सार्वजनिक इमारतींवर पाणी साठविण्याची सोय केली आहे, त्यांना कुंभारवाड्यासाठी एक टाकी देणे फारसे अवघड जाऊ नये.

कोणताही साचा अमर नसतो. जिप्सम पाण्यात थोडे का होईना विरघळते. लिटरभर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम. म्हणजे प्रत्येक ओतणीबरोबर नक्षीची धार थोडी झिजते. चांगली निगा राखली तर प्लॅस्टरचा साचा साधारणतः पन्नास ते शंभर ओतण्या देतो. निगा नसेल तर वीस-पंचवीसांतच त्याचे नाक-डोळे पुसले जातात. चिकटलेली माती लोखंडी सुरीने खरवडणे हे साचा लवकर संपण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. त्यासाठी बांबूची चपटी काडी किंवा मातीचाच ओलसर गोळा वापरावा. खरवडलेल्या प्लॅस्टरचा कण मातीत मिसळला तर नुकसान दुहेरी होते. भाजलेल्या भांड्यात तो कण पुढे हवेतील ओल पिऊन फुगतो आणि विकलेल्या भांड्याचा टवका गिऱ्हाइकाच्या घरी उडतो.

वैशाखाचे ऊन, श्रावणाची ओल

पुस्तकांत साचा चाळीस-पंचेचाळीस अंशांखाली वाळवावा असे लिहिलेले असते. थंड देशांतील वाचकाला ही सूचना शेगडीविषयी वाटेल. चंद्रपूरच्या वाचकाला ती आकाशाविषयी वाटावयास हवी. मे महिन्यात येथे पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो आणि पत्र्याच्या छपरावर ठेवलेली वस्तू त्याहून कितीतरी अधिक तापते. पन्नास अंशांपुढे, विशेषतः साचा जवळजवळ कोरडा झाल्यावर, त्याच्या पृष्ठातील जिप्समचे बद्ध पाणी सुटू लागते, म्हणजे साचा पुन्हा प्लॅस्टरची भुकटी होऊ पाहतो. कडा मऊ पडतात आणि बोट फिरविले तर पांढरी पूड लागते. कारागीर याला साचा जळला म्हणतात. म्हणून उन्हाळ्यात साचे सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी आणि पत्र्यापासून दूर ठेवावेत. एरवी दिवसभर लागणारे वाळवण त्या दिवसांत सावलीतही काही तासांत होते. उन्हाची मुळी गरजच नाही.

पावसाळ्याचे संकट उलट आहे. या दोन्ही जिल्ह्यांत पाऊस भरपूर पडतो व जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की आज ओतलेला साचा चार दिवसांनीही ओलाच राहतो. आणि कुंभाराच्या मागणीचा काळ नेमका हाच. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. त्यासाठी मातीचे बैल हवे असतात. पाठोपाठ चार दिवसांनी गणेश चतुर्थी. त्यानंतर नवरात्र आणि मग दिवाळीच्या पणत्या. गिऱ्हाईक दारात उभे असते आणि साचा पाणी पीत नाही. अशा वेळी ओल्याच साच्यात ओतण्याचा मोह होतो. ओल्या साच्याची मजबुती कोरड्याच्या जवळजवळ निम्मी असते. त्यात ओढाताण करून काढलेल्या वस्तूबरोबर साच्याची कडाही निघून येते. एका बैलासाठी पुढचे पन्नास बैल गमवावे, असा हा व्यवहार होतो.

यावर उपाय आहे तो बांबूचा. भट्टीच्या खोलीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडून बांबूची माळ्यासारखी मांडणी बांधावी. तिच्या फळ्या सलग नसून पट्ट्यांच्या असाव्यात, म्हणजे खालूनही वारा लागतो. सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेला साचा जमिनीतील ओल ओढतो, तेव्हा त्याला उंचावर ठेवणे अगत्याचे आहे. भट्टीची ऊब त्याला लागावी, पण चुलीचा धूर लागू नये. साचा वाळला की नाही हे पाहण्याची कारागिरांची रीत मोठी मार्मिक आहे. ते साचा गालाला लावतात. गार लागला तर तो ओला. अधिक पक्की खात्री हवी असल्यास कोरड्या साच्याचे वजन करून पेन्सिलीने त्याच्या पाठीवर लिहून ठेवावे आणि पुढे त्या वजनाशी ताडून पाहावे. एका जिनसाचे दोनच साचे असण्यापेक्षा सहा असणे आणि ते पाळीपाळीने वापरणे हे पावसाळ्यात खरे भांडवल आहे. ते उन्हाळ्यातच तयार करून ठेवावे लागते.

साच्याचाही साचा

पन्नास ओतण्यांनंतर साचा बदलावयाचा तर नवा कशावरून काढावयाचा? जुन्या भांड्यावरून काढला तर भट्टीत आकसलेल्या मापाचा निघतो आणि दर पिढीला वस्तू लहान होत जाते. म्हणून मूळ नमुन्यावरून एक मातृसाचा करून ठेवतात. त्यातून कामाचे साचे निघतात, मातृसाच्यात माती कधीच ओतली जात नाही. पूर्वी हाही प्लॅस्टरचाच असे आणि प्लॅस्टरवर प्लॅस्टर ओतताना कडा हमखास तुटत. अलीकडे त्यासाठी सिलिकॉन रबर वापरण्याची पद्धत पडली आहे. ते वाकते, म्हणून खोल नक्षीतूनही अलगद सुटते, आणि त्याला प्लॅस्टर चिकटत नाही. गणेशमूर्तींच्या व्यवसायातही रबरी साचे चांगलेच रुळले आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा रोख प्लॅस्टरच्या मूर्ती नैसर्गिक जलाशयात जाऊ नयेत याकडे आहे. शाडूची किंवा स्थानिक मातीची मूर्ती प्लॅस्टरच्या साच्यातून काढण्यास त्यांची काही हरकत नाही. मात्र निकामी झालेले साचेही रामाळा तलावात किंवा इरईच्या पात्रात टाकून चालणार नाहीत, हे त्याच न्यायाने खरे आहे.

रेझिनकाम आणि सिलिकॉनचा साचा

सिलिकॉनचा साचा खेड्यापाड्यांत पोहोचला तो मात्र कुंभारामार्फत नव्हे. गेल्या काही वर्षांत रेझिन ओतून कर्णभूषणे, किल्लीच्या साखळ्या, फुले-पाने गोठविलेली पदके, घड्याळांच्या तबकड्या करण्याचा छंद शहरांतून सर्वत्र पसरला. काही महिला बचत गटांनी व हौशी तरुणांनी त्यातून उत्पन्नाचा मार्ग काढला आहे. रेझिनला मराठीत जुना शब्द आहे, राळ. सालवृक्षाची राळ आणि सालईचा सुगंधी डिंक या वनप्रदेशाला अपरिचित नाहीत. परंतु बाजारात मिळणारे रेझिन हे कारखान्यात तयार झालेले रसायन असते. त्याचे दोन द्रव भाग मिसळले की ते काही तासांत घट्ट होते व साधारणतः एका दिवसात पुरते कठीण बनते.

सिलिकॉन म्हणजे वाळूतही असणाऱ्या सिलिकॉन या मूलद्रव्याची आणि प्राणवायूची लांब साखळी. ते पाणी पीत नाही. प्लॅस्टरच्या अगदी उलट, त्याचे सामर्थ्य काहीही न शोषण्यात आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे स्वस्त असते, पण काळाबरोबर किंचित आकसते व काही वर्षांत ठिसूळ होते. प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारे महाग, मापाला पक्के व दीर्घायुषी असते. तथापि ते हळवेही तितकेच आहे. नमुन्याच्या मातीत गंधक असेल किंवा रबरी हातमोजे लागले तर ते घट्टच होत नाही, चिकट राहते. पहिला साचा असा वाया गेला म्हणजे दोष मालाला दिला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा गंधकाचा असतो.

या साच्याचा नाश तीन गोष्टी करतात. पहिली उष्णता. दोन भाग मिसळल्यावर रेझिन स्वतःच तापते आणि थर जितका जाड तितके अधिक. जाड वस्तू एका दमात न ओतता थराथराने ओतावी. उन्हाळ्यात तर मिश्रण भांड्यातच घट्ट होऊ लागते, तेव्हा काम पहाटे करावे हे उत्तम. दुसरी गोष्ट रसायनांचा अंश. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन सिलिकॉनमध्ये मुरते व साचा फुगून कडक होतो. एपॉक्सीचा दुसरा भागही पृष्ठ हळूहळू खातो. प्रत्येक ओतणीनंतर साच्याला काही तास मोकळ्या हवेत विसावा दिला तर मुरलेला अंश बाहेर पडतो. तिसरी गोष्ट घाई. अर्धवट घट्ट झालेले रेझिन ओढून काढले की साच्याची चकाकी त्याबरोबर जाते. ती गेली की पुढील प्रत्येक वस्तू मंद निघते, आणि रेझिनच्या वस्तूची सारी किंमत तिच्या चकाकीत असते. वस्तू काढताना कडा चहूबाजूंनी थोड्या थोड्या सोडवाव्यात, एका कोपऱ्याला धरून ताणू नये. सिलिकॉन ताणले तर सहन करते, पण एकदा चीर पडली की ती धावत जाते.

धुण्यासाठी कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. घासणी, टाचणी, पाते यांपैकी काहीही आत फिरवू नये. धूळ व तंतू चिकटपट्टीने उचलता येतात. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर यांनी पुसल्यास साचा फुगतो. अनेकांना हा उपाय प्रथम सुचतो, म्हणून तो मुद्दाम सांगणे भाग आहे. धुतल्यावर साचा पूर्ण कोरडा व्हावयास हवा, कारण काही प्रकारची रेझिने पाण्याच्या एका थेंबानेही फेसाळतात. ठेवताना तो सपाट फळीवर, घडी न घालता, वर वजन न देता, उन्हापासून दूर व झाकून ठेवावा. दुमडून ठेवलेला साचा तसाच वाकडा राहतो आणि मग त्यातून गोल तबकडी कधीच गोल निघत नाही. मोठ्या साच्यात प्लॅस्टरचा एक ओतीव भाग बसवून ठेवल्यास आकार टिकतो. सिलिकॉनवर सिलिकॉन ओतावयाचे असेल तर मध्ये सोडवणीचा लेप हवाच. एरवी कशालाही न चिकटणारा हा पदार्थ स्वतःला मात्र घट्ट चिकटतो. रेझिनसाठी वापरलेला साचा पुन्हा बर्फी, वडी किंवा केक यांसाठी कदापि वापरू नये.

शाळा आणि पंचायत

कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून रेझिनकाम करून घ्यावे काय, असा प्रश्न काही शिक्षकांपुढे येतो. घट्ट न झालेल्या एपॉक्सीने त्वचेला कायमची वावडी जडू शकते. एकदा ती जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानेही अंगावर पुरळ उठते. पॉलिएस्टरची वाफ बंद खोलीत डोके चढविते. प्रौढांनीदेखील नायट्राइलचे हातमोजे घालून, उघड्या पडवीत हे काम करावे. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये हेच योग्य. उरलेले द्रव मोरीत वा नाल्यात न ओतता भांड्यातच घट्ट होऊ देऊन कचऱ्यात द्यावे, आणि कठीण झालेले तुकडे शेकोटीत जाळू नयेत. मुलांसाठी मातीचा दाबसाचा अधिक बरा. प्लॅस्टरची वाटीएवढी ठोकळी, तीत पणतीचा किंवा बैलाचा आकार, आणि गावच्या कुंभाराकडील मळलेली माती. साचा पाणी कसे पितो हे मुलांना त्यात बोटाने कळते. प्लॅस्टर कालविण्याचे काम मात्र शिक्षकांनी करावे. घट्ट होताना ते चांगलेच तापते आणि मुलाने हात त्यात तसाच रोवून ठेवला तर भाजते.

पंचायतीच्या सदस्यांचा संबंध अधिक थेट आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभार, मूर्तिकार व बाहुल्या-खेळणी करणारे कारागीर यांचा समावेश आहे. अर्जांची पहिली छाननी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणाशिवाय प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. या रकमेतून विजेचे चाक घेण्याकडे साहजिकच ओढा असतो. परंतु ज्या कारागिराचा माल साच्यातून निघतो, त्याने चाकाआधी तराजू, बांबूची मांडणी आणि एक चांगला मातृसाचा यांचा विचार करावा, असे अर्ज छाननारे सदस्य त्याला सांगू शकतात. बचत गटाने साचे सामाईक घेतले असतील तर ते कोणाच्या घरी, कोणत्या खोलीत राहणार हे पहिल्याच बैठकीत ठरावे. सामाईक साचा उन्हात पडलेला कोणालाच दिसत नाही.

प्रत्येक साच्याच्या पाठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : तो कोणत्या दिवशी केला, त्याची जोडी कोणती, आणि त्यातून किती ओतण्या झाल्या. शेवटच्या नोंदीसाठी दर ओतणीला एक रेघ पुरते. पाच रेघांचा एक गठ्ठा, जसा दूध मोजणारे भिंतीवर करतात. साठाव्या-सत्तराव्या रेघेच्या सुमारास मातृसाचा खाली काढावयाचा असतो, आणि तो काढण्याचा काळ मृगापूर्वीचा.